ब्रिजटाउनचा तांडेल

पाकीट फोडल्यावर आतून पत्राच्या आधी तळहाताएवढी एक गुलाबी चिठ्ठी बाहेर पडली आणि नरहरी पागधरेने ती वाचली. झालं ते एवढंच. आषाढातला मंगळवार होता, बाहेर पाऊस आपल्या कामाला लागलेला होता, आणि वसाहतीच्या हापिसात पंखा चालू असूनही कागद दमट लागत होते. चिठ्ठी छापील होती. तिच्यात हॉटेलच्या व्यवस्थापकाने अत्यंत अदबीने कळवलं होतं, की सप्टेंबर हा आमच्या बेटावर वादळांचा मुख्य महिना असला तरी पाहुण्यांनी मुळीच चिंता करू नये. खिडक्यांना लावायच्या लाकडी फळ्या तयार असतात, दोन दिवस पुरेल एवढं पाणी साठवलेलं असतं, आणि जेवणघराच्या मागे जाड भिंतींची एक दगडी खोली खास त्यासाठीच बांधलेली आहे. नरहरीने चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली. इंग्रजी सोपं होतं, उलट अर्थ निघण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावर सावे नावाचा कारकून पेन्सिलीला टोक काढण्यात दंग होता. नरहरीने चिठ्ठीची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि नुसतं पत्र फायलीला लावून फाईल मिसेस लॉडरकडे पाठवायच्या ढिगात सरकवली. हे सगळं करताना त्याचे हात अगदी शांत होते, आणि त्याचंच त्याला नंतर बसमध्ये नवल वाटलं.

तारापूरला अणुवीजघराचं काम चालू झालं तसे अमेरिकन साहेब बायकामुलांसकट येऊन राहिले आणि त्यांच्यासाठी समुद्राच्या बाजूला बंगल्यांची वसाहत झाली. त्या वसाहतीच्या हापिसात नरहरी टायपिस्ट. एडवणच्या मांगेला मच्छीमारांतला तो पहिला मॅट्रिक, आणि पहिलाच असा, की ज्याच्या अंगाला मासळीचा वास येत नाही. लॉडरसाहेब कसल्याशा चक्राचे इंजिनियर होते. त्यांची बाई उंच, हाडकुळी, कायम काहीतरी योजणारी. साहेबांना दोन वर्षांच्या नोकरीनंतर ह्या साली मोठी रजा मिळायची होती. मुलांना घेऊन लंडनमार्गे वेस्ट इंडीजला जायचं, बार्बाडोस बेटावरच्या ब्रिजटाउन नावाच्या बंदरात तीन आठवडे काढायचे आणि तिथून मायदेशी आजीकडे, असा बाईंचा बेत होता. पत्रव्यवहार फार, म्हणून हापिसाकडून त्यांनी नरहरीला आठवड्यातल्या दोन दुपारी मागून घेतलं. साव्याने नाव ऐकलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे जिथे आपल्या कप्तानाच्या डोक्यात चेंडू बसला तेच ना? असल्या ठिकाणी माणसं पोरंबाळं घेऊन हवा खायला जातात हे काही त्याच्या पचनी पडलं नाही. नरहरीलाही आधी गंमतच वाटली होती. बंगल्याच्या व्हरांड्यातून समुद्र दिसत होता. रात्रंदिवस त्याचा आवाज घरात येत होता. आणि बाई अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून समुद्र बघायला निघाल्या होत्या. काखेत कळसा म्हणतात तो असा. इथल्या पाण्यात मुलांना सोडायला त्या तयार नव्हत्या. खडक फार, चिखल फार, आणि पाण्याचा रंग त्यांना आवडत नव्हता.

पण मग त्याने त्या बाईंचं योजणं पाहिलं आणि त्याची गंमत वाटणं बंद झालं. जेवणाच्या लांब टेबलावर रंगीत चित्रांची पुस्तकं पसरलेली. बाईंनी एकेका मुलाला समोर बसवून विचारलं, की तुला तिथे काय करायचंय. थोरला डॅनी म्हणाला, काचेच्या तळाची होडी असते तिच्यात बसायचंय, खाली मासे दिसतात म्हणे. मधल्या सूझनला वाळूत अंडी घालणारी कासवं बघायची होती. धाकटी बेट्सी चार वर्षांची. तिला गाढवावर बसायचं होतं, आणि तिचंही म्हणणं तेवढ्याच गांभीर्याने लिहून घेतलं गेलं. नरहरी टाइपरायटरपाशी बसून बघत होता. पस्तिशी उलटली तरी त्याला आजवर कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. लहानपणी मे महिन्याची सुट्टी म्हणजे बोंबील वाळत घालायचे, कावळे हाकलायचे, संध्याकाळी ते काढायचे. विचारायचं काय त्यात? बाईंनी मग तक्ता करायला घेतला. उभे रकाने वारांचे, आडवे वेळांचे. मंगळवार, सकाळी दहा: मुलं वाळूत खेळतील. बुधवार, दुपारी तीन: काचेच्या तळाची होडी. कित्येक महिन्यांनी येणाऱ्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता आपली मुलं काय करत असतील हे एखादी बाई कागदावर लिहून ठेवते आणि वर त्याच्या चार प्रती काढायला सांगते, ह्या धिटाईने तो दिपून गेला. त्याच्या घरात उद्याचं बोलतानासुद्धा देवाचं नाव आधी घ्यायची रीत.

चार प्रतींच्या जागी त्याने पाच काढल्या. पाचवी कार्बनची, पुसट. ती त्याने घरी नेली. पालघरला स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्यांत त्याचा संसार होता. बायको हंसा, सहा वर्षांची चिमी, तीन वर्षांचा नवशा. जेवताना त्याने तो तक्ता मराठीत वाचून दाखवला, सहज, मजा म्हणून. पण चिमीने तो धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर तिने विचारलं, आज काय हाय आपलं? तो बुधवार होता. नरहरी दाढी करत होता. आज दुपारी तीनला काचेच्या होडीत बसायचं, असं त्याने सांगितलं. मग दुपारी हंसाने परात पालथी घातली आणि दोघं पोरं तिच्यावर बसली म्हणे. असं ते सुरू झालं. दर सकाळी चिमी विचारायची आणि नरहरी तक्त्यात पाहून सांगायचा. गुरुवारी कासवं, शुक्रवारी बाजारात शंख घ्यायचे, रविवारी चर्च. चर्चच्या ऐवजी हंसा त्यांना शीतळादेवीच्या देवळात घेऊन गेली. हंसाही हळूहळू त्यात शिरली. तिथं भात मिळतो काय, एवढं तिने एकदा विचारलं. नरहरीने पुस्तकात बघून सांगितलं, की मिळतो, आणि उडणारे मासे तळून देतात. उडणारे मासे ऐकून ती हसली, पण अविश्वासाने नाही. लॉडरांची सहल अशी एक ठिगळं जोडलेली नक्कल होऊन पालघरच्या त्या दोन खोल्यांत चालू होती, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

महिना कुठला हा प्रश्न निघाला तो मे अखेरीला. बाई पुस्तकं चाळत होत्या, मधेच मान वर करून म्हणाल्या, की नरहरी, तुम्ही समुद्राकाठची माणसं ना? तुमचे वडील मच्छीमार आहेत ना? मग मला सांगा, माणसाने समुद्रावर जावं केव्हा? नरहरी टाइपरायटरवरचे हात काढून सरळ बसला. त्याला वाटलं, हे आपल्याला येतं. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. त्याने सांगितलं, की मिरग लागला की आम्ही होड्या वर ओढतो, त्यांच्यावर झावळ्या घालतो आणि समुद्राकडे पाठ करतो. श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे नारळी पुनवेला, समुद्राला नारळ देतात. सोन्याचा म्हणून वर्ख लावून देतात. तिथून समुद्र मऊ होतो. म्हणजे ऑगस्टची अखेर, सप्टेंबर. लहान मुलांना न्यायचं तर सप्टेंबरासारखा महिना नाही. पाणी निवळतं, वारा पडतो. तो बोलत राहिला. बाबा पाण्यात हात घालून चव कशी बघतात, फेसाच्या रंगावरून काय ओळखतात, हे सगळं त्याने आपल्याच अनुभवाचं असल्यासारखं सांगितलं. बाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. मग त्यांनी तक्त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने सप्टेंबर लिहिलं, आणि नरहरीने ते टाइप केलं.

त्याने जे सांगितलं नाही ते असं, की त्याला बोट लागायची. तांडेलाच्या, होडीच्या म्होरक्याच्या, पोराला बोट लागणं म्हणजे हलवायाच्या पोराला गोड न पचणं. बाबा, म्हणजे महादू तांडेल, एडवणच्या किनाऱ्यावर ज्याचा शब्द चालायचा असा माणूस. बारा वर्षांच्या नरहरीला त्यांनी पहिल्यांदा होडीत घेतलं आणि किनारा दिसेनासा व्हायच्या आत पोरगा होडीच्या टोकाशी, नाळीवर, ओकायला ओणवा झाला. दुसऱ्यांदा झाला, तिसऱ्यांदा झाला. होडीतली माणसं आधी हसली, नंतर हसायची थांबली. त्यांचं ते थांबणं नरहरीला अजून आठवत असे. चौथ्या खेपेला बाबांनी त्याला उठवलंच नाही. पहाटे त्याला जाग आली, बाहेर माणसं निघाल्याचा आवाज होता, आणि तो अंथरुणात डोळे मिटून पडून राहिला. कुणी येऊन हाक मारील अशी भीती होती. कुणीच मारली नाही. पुढे शाळा, मग पालघरचं हायस्कूल, मग टायपिंगची परीक्षा. बाबा कधी वाईट बोलले नाहीत. तो घरी गेला की ते चौकशी करत, पोरांना जवळ घेत, पण समुद्राचं बोलणं निघालं की त्याच्याकडे न बघता दुसऱ्या कुणाकडे बघून बोलत. पाहुणा बसलेला असताना घरच्या गोष्टी जशा बोलतात तसं.

आणि आता खिशात ती गुलाबी चिठ्ठी. पहिले दोन दिवस त्याने स्वतःची समजूत घातली. दरवर्षी थोडंच वादळ येतं? वीजघराच्या फाटकावरही धोक्याच्या पाट्या आहेत, म्हणून कुणी कामावर जायचं थांबत नाही. हॉटेलवाले पुढे हात वर करता यावेत म्हणून असलं लिहीतच असतात. पण मग चिठ्ठी दडवलीस कशाला, हा पुढचा प्रश्न यायचा, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. फायलीत ठेवली असती तर बाईंनी वाचली असती. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं असतं. आणि हनुवटीखाली हात घेऊन ऐकलेलं ते सगळं, फेसाचा रंग न् पाण्याची चव, एका क्षणात थोतांड ठरलं असतं. तेवढ्यासाठी. तीन मुलांच्या जिवापुढे तेवढ्यासाठी. त्याने हे स्वतःशी स्पष्ट शब्दांत म्हणून पाहिलं आणि तरीही त्याचा हात खिशाकडे गेला नाही. तिसऱ्या दिवसापासून त्याला ते दिसू लागलं. उमरोळीला शटल गाडी थांबलेली असताना, खिडकीबाहेर भाताच्या खाचरांत पाणी साचलेलं, आणि त्याला ती जाड भिंतींची दगडी खोली दिसायची. आत अंधार, खिडक्यांना फळ्या, आणि कोपऱ्यात पोरं बसलेली. पण ती डॅनी, सूझन आणि बेट्सी नसायची. चिमी असायची, आणि तिच्या मांडीवर नवशा. चिमी विचारायची, आज काय हाय आपलं? इतके दिवस त्यानेच ह्या पोरांना त्या तक्त्यात नेऊन बसवलं होतं. आता ती तिथून निघायला तयार नव्हती.

घरी त्याने तक्ता वाचणं बंद केलं. कागद हरवला म्हणाला. चिमी दोन दिवस रुसली आणि मग तिने स्वतःच वार ठरवायला सुरुवात केली. तिच्या सहलीत आता गाढवावर बसून कासवं यायची. हंसाचं मात्र लक्ष होतं. तिने त्याचा सदरा धुवायला घेतला तेव्हा खिसा तपासला, चिठ्ठी काढून फळीवर ठेवली आणि सदरा वाळल्यावर परत खिशात घातली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण कागद वाईट आहे एवढं ती कागद धरायच्या पद्धतीवरून ओळखत असावी. शनिवारी जेवायला वाढताना ती म्हणाली, "कोणाचं पत्र हाय ते? तुमचं अन्न उतरत नाय चार दिवस." त्याने तिला सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत, हे त्याला विचित्र वाटलं. हंसाने ऐकून घेतलं, पोरांच्या ताटाकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाली, की बाबांना विचारून या. नरहरीला तेच नको होतं, आणि तेच करायचं आहे हेही ठाऊक होतं.

रविवारी तो एसटीने एडवणला गेला. पाऊस उघडला होता. होड्या वर ओढलेल्या, झावळ्यांखाली. बोंबील वाळवायचे बांबू नुसतेच उभे. समुद्र गढूळ, तपकिरी, मोठ्याने बोलणारा, आणि त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. बाबा पडवीत जाळं विणत बसले होते. आई गेल्यापासून ते बाहेरच बसत. शेजारचा झिपरू तिथेच खांबाला टेकून विडी ओढत होता. तो उठून गेला. नरहरीने सांगायला सुरुवात केली ती इकडून तिकडून, आणि बाबांनी त्याला घाई केली नाही. जाळ्याच्या एका भोकातून दुसऱ्या भोकात सुई जात राहिली. बाईंनी विचारलं काय, त्याने सांगितलं काय, चिठ्ठीत लिहिलंय काय, हे सगळं झाल्यावर सुई थांबली.

"तू पायलायस तो समुद्र?" बाबांनी विचारलं.

"नाय."

"कोणी पायलाय आपल्यातला?"

"नाय बाबा."

"मंग बोललास कसा?"

नरहरी थांबलेल्या सुईकडे बघू लागला. त्याला वाटलं होतं, बाबा म्हणतील की समुद्र सगळा एकच. कुठेतरी तो तेवढ्या एका वाक्यासाठी आला होता. बाबा मात्र त्याच्याकडे सरळ बघत होते, आणि समुद्राचं बोलताना ते त्याच्याकडे बघतायत ही गोष्ट नरहरीच्या उशिरा ध्यानात आली.

"हितला तांडेल वसईच्या पाण्याचा शब्द देत नाय," बाबा म्हणाले. "मी दातिवऱ्याच्या पलीकडं गेलो तर तितल्या माणसाला विचारतो. आन् दुसरं. जो शब्द देतो तो होडीत पयला बसतो. बुडाली तर त्याच्यासकट. म्हणून त्याचा शब्द घेतात लोक. तू बसतोयस त्यांच्या होडीत?"

"नाय."

"मंग जा आन् सांग त्या बाईला, का मी बोललो ते माझं नव्हतं. नोकरी जाईल तर जाऊदे. हितं जाळी इणायला माणूस लागतंच."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा सुई घेतली. जेवून जा म्हणाले. नरहरी जेवला. परतताना एसटीच्या खिडकीशी बसून तो मोकळा झाला होता. घोर गेला नव्हता, पण त्यातून आता वाट दिसत होती. बाबांनी त्याला झापलं होतं. ते कधी कुणाला झापत? खलाशाला, ज्याने चुकीच्या वेळी शीड सोडलं त्याला. पाहुण्याला कोण झापतो? ह्या विचाराचं त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने तो मनातल्या मनात दोनतीनदा फिरवून पाहिला, आणि मग तीन पोरांच्या जिवाच्या गोष्टीत आपल्याला बरं वाटतंय म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी दुपारी बाईंकडे जायची पाळी होती. मुलं मागच्या खोलीत काहीतरी कापत चिकटवत होती. बाईंनी खुर्ची दाखवली, पण तो बसला नाही. त्याने चिठ्ठी काढली, घडी उलगडली, टेबलावर ठेवली आणि बसमध्ये जुळवून आणलेली इंग्रजी वाक्यं एकामागून एक म्हणून टाकली. ही हॉटेलकडून आली होती, मी ती ठेवून घेतली, ती माझी चूक. मी सप्टेंबर सांगितला तो आमच्या समुद्राचा, तुमच्या नाही. तो समुद्र मला माहीत नाही. खरं तर आमचाही मला नीट माहीत नाही, मला बोट लागते. हे शेवटचं वाक्य त्याने जुळवलेलं नव्हतं. कृपा करून महिना बदला, तिथे मुलं आहेत, असं तो म्हणाला आणि थांबला.  बाईंनी चिठ्ठी उचलून वाचली. वाचताना त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही, रंग बदलला नाही. मग त्या हसल्या, आणि ते हसू इतकं चांगलं, इतकं माणुसकीचं होतं, की नरहरीला पुढचं ऐकायच्या आधीच कळून चुकलं.

त्या म्हणाल्या, की अहो, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. माझी आई दर पत्रात तेच लिहिते. पण साहेबांची रजा सप्टेंबरातच आहे, ती वरून मार्चमध्येच ठरून आली. पुढेमागे होत नाही. वादळाची सूचना दोन दिवस आधी मिळते, विमान असतं, आणि तशी वेळ आलीच तर आम्ही सरळ आजीकडे जाऊ. गर्दी नसते त्या महिन्यात, हे एक बरं. त्या अगदी मोकळेपणाने बोलत होत्या. नरहरीने विचारलं, की मग मे महिन्यात तुम्ही मला विचारलंत ते? हा प्रश्न विचारायचा नसतो हे त्याला विचारतानाच कळत होतं.

बाई क्षणभर गोंधळल्या. त्यांना ते आठवावं लागलं. "सहज विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतक्या आनंदाने सांगत होतात, नरहरी. मला मध्ये बोलणं बरं वाटेना." मग, तो उभाच आहे हे पाहून, त्यांनी त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, हे साहेबांनाही सांगीन म्हणाल्या, आणि एक यादी पुढे सरकवली. मुलांच्या कपड्यांची. तीन प्रती.

त्याने यादी टाइप केली. पोहायचे कपडे, प्रत्येकी दोन. उन्हाच्या टोप्या. बेट्सीची बाहुली, हातातल्या पिशवीत. बोटं आपसूक चालत होती आणि डोकं रिकामं होतं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. आठ दिवस उरावर घेतलेलं ओझं आपलं नव्हतंच. मुलांचं बरं होवो की वाईट, त्याच्या शब्दाने ती जात नव्हती आणि त्याच्या शब्दाने राहणारही नव्हती. कुणाचंही काही त्याच्यावर अवलंबून नव्हतं. आपण बुडवलं नाही एवढ्याने माणसाने सुटकेचा श्वास टाकायचा. पण ह्या माणसाला, काय सांगावं, लुटल्यासारखं वाटत होतं. भीती का होईना, ती त्याची होती. एवढ्या मोठ्या समुद्राचं एवढं मोठं काहीतरी आठ दिवस त्याच्या खिशात होतं. मधेच त्याच्या मनात एक ओळ उमटून गेली, की येऊच दे वादळ. मागच्या खोलीत सूझन हसत होती. त्याने ती ओळ चटकन पुसली, पण उमटली होती हे त्याला नाकारता येईना, आणि त्याने कागद बदलला.

घरी हंसाने विचारलं, सांगितलंत? तो म्हणाला, सांगितलं. तिने पुढे विचारलं नाही. तिच्या लेखी सांगणं हीच गोष्ट होती, आणि ती झाली. आठवडाभर तो नेहमीसारखा जेवला, झोपला. रविवारी पुन्हा एडवणला गेला, कारण बाबा वाट बघत असतील हे उघड होतं. वाटेत त्याने ठरवलं, की जसं घडलं तसं सांगायचं. त्यांना आधीच माहीत होतं बाबा, एवढंच तर सांगायचं होतं. लपवण्यासारखं त्यात काय आहे? उलट बाबा हसतील.

बाबा पडवीत होते. झिपरूही होता, आणि ह्या वेळी तो उठून गेला नाही. त्याला बाबांनी सांगितलेलं असावं. नरहरी पायरीवर चपला काढत होता तेवढ्यात बाबांनी विचारलं, "बोललास?"

"बोललो."

"नोकरी?"

"हाय."

"मंग काय म्हणली बाई?"

नरहरीने वर पाहिलं. बाबांची सुई थांबलेली होती. झिपरूने विडी तोंडातून काढून हातात धरली होती. दोघं जण त्याच्याकडे बघत होते, समुद्राच्या गोष्टीसाठी, आणि त्यांच्या नजरेत हसू नव्हतं. ऐकायला बसलेली माणसं होती ती.

"गप झाली आधी," नरहरी म्हणाला. "मंग म्हणली, तुमी सांगता तर नाय जात. म्हयना फिरवला त्यांनी. आता डिसेंबरात जातील."

बोलताना आवाज कुठे अडकला नाही. बाबांनी मान हलवली, हळू, दोनदा. मग ते जरा सरकले, आणि मांडीवरच्या जाळ्याचा अर्धा भाग उचलून त्यांनी बाजूच्या रिकाम्या जागेवर पसरला.

"ऐकलास ना झिपरू," ते म्हणाले. "गोऱ्यांची होडी थांबवली आमच्या तांडेलानं."

झिपरूने हुंकार भरला आणि विडीचं बंडल नरहरीपुढे केलं. नरहरी ओढत नसे; त्याने एक घेतली. तो बाबांच्या शेजारी बसला, जाळं मांडीवर ओढलं, आणि बाबांनी दुसरी सुई त्याच्या हातात दिली. समोर समुद्र गढूळच होता. सप्टेंबराला अजून दीड महिना होता. तिकडे वादळ येऊ नये असं त्याला अजूनही मनापासून वाटत होतं, कालपर्यंत वाटत होतं तितकंच. पण ते आता तीन पोरांसाठी वाटत होतं, की लॉडरांचं नाव वर्तमानपत्रात येऊन एडवणपर्यंत पोचू नये म्हणून, हे कुणी विचारलं असतं तर त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. बाबांनी फाटलेली जागा दाखवली आणि तो विणू लागला.